लग्नपत्रिकेसाठी वळणदार हस्ताक्षरी फॉन्ट: कुठे वापरावा, कुठे नाही?

मोगरा_७

नमस्कार मंडळी.

धाकट्या भावाचं लग्न ठरलंय आणि पत्रिकेचं काम माझ्या गळ्यात, म्हणजे अगदी हौसेने मागून घेतलंय. गणपती, कलश, सनई-चौघडा यांतलं काहीही नको, नुसती अक्षरंच देखणी असावीत असं आम्हा दोघांना वाटतं. छापखान्यात गेले तर त्यांनी पंचवीस-तीस नमुने दाखवले. कुठे सगळी अक्षरं लोखंडी गजांसारखी सरळ, कुठे इतक्या शेपट्या आणि वेलबुट्ट्या की नाव शोधावं लागतं.

माझ्या डोळ्यांसमोर आहे ते आत्याचं अक्षर. ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायची आणि तो दुपारपर्यंत कोणी पुसायचं नाही. गोल, मोकळं, उभी रेघ ठाम, वेलांटी मात्र वाऱ्यावर सोडल्यासारखी. तसा भास देणारा देवनागरी फॉन्ट कुठला? आणि तो सगळ्या पत्रिकेला वापरावा की फक्त नावांना? भावाच्या नावात ज्ञ आहे आणि होणाऱ्या वहिनीच्या नावात ऋ, हेही सांगून ठेवते.

शाईची_दौत

फक्त नावांना आणि "शुभविवाह" या शब्दाला. बाकी सगळं साध्या बाळबोध वळणात. याहून जास्त काही सांगायची गरज वाटत नाही.

कोकणकन्या

माझं मत वेगळं आहे. आमच्या घरी सगळी पत्रिका हस्ताक्षरी फॉन्टमध्ये केली होती आणि ती पत्रासारखी वाटली. लोकांनी जपून ठेवली. "आमचे येथे श्रीकृपेकरून" हे वाक्य सरळ छापील अक्षरात आलं की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं.

डीटीपीवाले_काका

कोकणकन्या, पत्रिका लहान असेल आणि अक्षर मोठं असेल तर तुमचं बरोबर आहे. पण दोन्ही बाजूंची आजोळं, सगळे मामा, काका, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी चिल्लीपिल्ली, कार्यस्थळ, बसथांबा, इतकं सगळं घालायचं असेल तर वळणदार फॉन्ट नऊ-दहा पॉइंटात मरतो. बारीक रेघा तुटतात आणि ध-घ, भ-म एकमेकांत मिसळतात.

मी तीस वर्षं पत्रिका लावतो आहे. सोनेरी फॉइलमध्ये तर केसासारखी रेघ टिकतच नाही. हातकागदासारखा खरखरीत कागद असला की आणखी पंचाईत, कारण कागदाच्या खळग्यात शाई किंवा फॉइल उतरत नाही. म्हणून फॉन्ट निवडताना स्क्रीनवर मोठा करून पाहू नका. ज्या मापात छापायचा आहे त्या मापात, त्याच कागदावर एक प्रूफ काढा.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या मामेभावाच्या पत्रिकेत तारीख होती १९. फॉन्ट इतका नखरेल होता की ९ चं पोट दिसेचना आणि लोकांनी ११ वाचली. वार लिहिलेला होता म्हणून बरेचजण वाचले, पण दोन कुटुंबं आठ दिवस आधी अहेर घेऊन मंगल कार्यालयात हजर! तिथे दुसऱ्याच कुणाचं लग्न चालू होतं. त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, हे मात्र सांगायलाच हवं.

तारीख, वेळ आणि पत्ता यांना वळणदार फॉन्टचा हात लावू नये, हे आमच्या घरात तेव्हापासून ठरून गेलं.

शाईची_दौत

वऱ्हाडी_ठेचा, हेच म्हणत होते मी :)

अनुस्वार

ठेचेदादांच्या आयडीवरूनच सांगतो. कुठलाही देवनागरी फॉन्ट विकत घेण्याआधी त्यात "वऱ्हाडी" हा शब्द टाइप करून पाहा. दिसायला सुंदर असलेल्या पुष्कळ फॉन्टमध्ये हा ऱ्ह तुटतो, कारण करणाऱ्याने हिंदी डोळ्यांसमोर ठेवलेली असते आणि हिंदीला हा अर्धा र लागत नाही. आपल्याला "आचार्य" आणि "सुऱ्या" वेगळे लिहावे लागतात.

दुसरी गोष्ट श आणि ल. शुभविवाहाची सुरुवातच श ने होते. मराठीत देठाचा श आणि पाकळ्यांचा ल हे आपले पिढीजात आकार, शासनाने वर्णमालेबद्दलच्या निर्णयातही तेच धरले आहेत. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आत असतात, पण आधी दिसतं ते हिंदीतलं. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा "मराठी" अशी निवडली की बरोबर रूप पुढे येतं. बऱ्याच जणांना ही सोय आहे हेच माहीत नसतं आणि ते फॉन्टला नावं ठेवत बसतात.

तपासायचे आणखी शब्द: ज्येष्ठ, कृपेकरून, द्वितीय, ॲड., कॅप्टन, हृदय, आणि तुमच्यासाठी ज्ञ आणि ऋ.

मोगरा_७

अनुस्वार, तुमच्या यादीने एका फटक्यात माझे चार आवडते फॉन्ट बाद झाले! दोघांत ऋ चा आकार नुसता गुंता झाला आहे. एकात "ज्येष्ठ" मधला ष्ठ सुटा पडला.

पानसुपारी

मोफत फॉन्टमध्ये गूगलच्या संग्रहातला "कलम" पाहिलात का? इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे. हाताने भरभर लिहिल्यासारखा, तिरका, तीन वजनांत मिळतो. मी मुलीच्या मुंजी... चूक, मुलाच्या मुंजीला वापरला होता. "अमिता" सुद्धा आहे, तो जास्त वळणदार. दोन्ही मुक्त परवान्याचे, छापायला पैसे नाहीत.

डीटीपीवाले_काका

कलम चांगला आहे पण तो वहीतल्या अक्षरासारखा. घरगुती चिठ्ठी, शाळेचं आमंत्रण, पाककृतीचं पुस्तक यांना शोभतो. मोगराताईंना हवं आहे ते जाड-बारीक असणारं, टाकाचं अक्षर. त्या जातीचा फॉन्ट लागेल.

बोरूचा_काप

काकांनी जाड-बारीकचा विषय काढलाच आहे तर थोडं लिहितो. सुलेखनाचा विद्यार्थी आहे, सात वर्षं झाली.

देवनागरी अक्षराची सगळी ऐट बोरूच्या कापात आहे. बोरूचं टोक सपाट आणि तिरकं कापतात. रोमन लिहिणाऱ्यांच्या निबेचा कल एका बाजूला, आपल्या बोरूचा बरोबर उलट्या बाजूला. त्यामुळे रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड येते आणि देवनागरीत नेमकी तीच बारीक. रोमन निबेने देवनागरी गिरवली की सगळं बरोबर असूनही अक्षर परकं दिसतं. काही हस्ताक्षरी फॉन्ट पाहताना खटकतं पण का ते सांगता येत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ग च्या गाठीत आणि र च्या तिरक्या पायात पाहा, लगेच कळेल.

जाडी कुठून येते हे महत्त्वाचं. बोरूत ती कोनातून येते, दाबातून नाही. इंग्रजी लग्नपत्रिकांवर जे झुलतं अक्षर असतं ते टोकदार, लवचीक निबेचं. खाली येताना दाब दिला की निब फाकते आणि रेघ जाड होते, वर जाताना दाब काढला की केसाएवढी. मॅथ्यू कार्टर यांचा १९६६ सालचा स्नेल राउंडहँड हा फॉन्ट चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनगुरूच्या वळणावरून केलेला आहे, त्यात हे स्पष्ट दिसतं. ही दोन्ही अक्षरं सुंदर, पण त्यांचं व्याकरण वेगळं. स्नेलची शेपटी उचलून देवनागरीच्या क ला लावली की ती तिथे रुजत नाही.

परदेशी_पाखरू

बोरूचा_काप, फार छान समजावलंत. आमची पत्रिका दोन भाषांत होती, कारण नवरीकडची मंडळी अमेरिकेत वाढलेली. मराठी बाजू टाकाच्या वळणाची आणि इंग्रजी बाजू झुलत्या राउंडहँडची, दोन वेगळ्या लग्नांची आमंत्रणं चिकटवल्यासारखी वाटायला लागली. शेवटी इंग्रजी बाजूला साधा, सरळ, पुस्तकी फॉन्ट घेतला आणि लेखणीचं वळण फक्त मराठी नावांना ठेवलं. तेव्हा कुठे कार्ड एक झालं.

आणखी एक. झुलत्या रोमन फॉन्टमध्ये नाव कधीही सगळ्या कॅपिटल अक्षरांत टाकू नका. प्रत्येक कॅपिटलला स्वतःचा फुलोरा असतो, सगळे शेजारी शेजारी उभे राहिले की आडनाव वाचता येत नाही.

अनुस्वार

आणि देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. डिझायनर मंडळींना ऐसपैस दिसावं म्हणून अंतर वाढवायची सवय असते. आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात.

सातमजली

मोडीत करा ना नावं! इतकं सुंदर वळण दुसऱ्या कुठल्या लिपीत नाही. आणि आपलंच आहे.

दफ्तरखाना

सातमजली, मोडीचं नाव निघालं की मी गप्प बसू शकत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात पुष्कळ दिवस काढले आहेत.

मोडी ही दिसण्यासाठी जन्मलेली लिपी नाही, वेगासाठी आहे. लेखक आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग हात न उचलता अक्षरं त्या रेघेला लटकवत जायचा. बाळबोधीत आपण अक्षर आधी काढतो, रेघ नंतर देतो. या एका फरकातून मोडीची सगळी गोलाई आली आहे. हात उचलायचा नाही म्हटल्यावर कोपरे आपोआप वळतात. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी तिची वळणं होती आणि जाणकाराला कागद पाहून वळण ओळखता येतं.

आता पत्रिकेचं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. नावातली पहिली-दुसरी वेलांटी तिथे एकच. दुसरं, मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ साली मिळाली, तेव्हा फॉन्ट आहेत, पण छापखान्याच्या संगणकावर ते धड चालतील याची खात्री करून घ्या. आणि तिसरं, आलेल्या पाहुण्यांपैकी किती जणांना वाचता येईल? मी स्वतः मोडीत नावं घातलेली पत्रिका पाहिली आहे, खाली बारीक बाळबोधीत तीच नावं दिली होती. ते मला पटलं. मोडी डोळ्याला, बाळबोध वाचायला.

सातमजली

पटलं. माझ्या खापरपणजोबांच्या जमिनीचे कागद मोडीत आहेत आणि घरात कोणालाच वाचता येत नाहीत. ते कुठे वाचून मिळतील?

दफ्तरखाना

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. इथे विषयांतर नको.

बोरूचा_काप

थोडं विषयांतर होऊ द्या, कारण ते याच धाग्याचं आहे. मोडी आणि देवनागरी यांच्या मधल्या जागेत आजच्या सुलेखनकारांनी फार मोठं काम केलं आहे. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून त्या प्रवाहीपणातून मुक्तलिपी मांडली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वर्गात पेढे वाटले होते. त्यांच्या आधी र. कृ. जोशी. विंडोजवरचा "मंगल" फॉन्ट त्यांचाच. आपण वर्षानुवर्षं ज्या अक्षरात मराठी वाचली ते एका कवीने आणि सुलेखनकाराने काढलेलं आहे, हे मला अजून विलक्षण वाटतं.

रंगपट

आणि कमल शेडगे! वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं की नावाच्या अक्षरांवरूनच कळायचं की हे नाटक रडवणार की हसवणार. प्रत्येक नाटकासाठी नवं अक्षर. त्यांच्या अक्षरांचा फॉन्ट करून सगळीकडे वापरला असता तर ती जादू उरली नसती असं मला मनापासून वाटतं. ते अक्षर त्या एका नावासाठी घडवलेलं असायचं.

पानसुपारी

रंगपट, पण रंगवलेल्या अक्षरांचा फॉन्ट झाला तर काही टिकतंही. "यात्रा वन" हा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. पाट्या जातील, फॉन्टमध्ये तो हात राहील.

रंगपट

हे मान्य. पाटीचं अक्षर सगळ्यांचं असतं, नाटकाचं एकाचं. लग्नपत्रिका यातली कुठली हे मोगराताईंनी ठरवावं.

दासपंचायतन

एक वेगळा मुद्दा. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनावर दिला आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं, ओळी मोत्यांच्या माळेसारख्या जाव्यात, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिलंय असं वाटावं. म्हणजे आज फॉन्ट जे करतो तेच त्यांना हातात हवं होतं, एकसारखेपणा. आणि आता आपण फॉन्टमध्ये हाताचा वेडावाकडेपणा शोधतो आहोत!

बोरूचा_काप

दासपंचायतन, अतिशय मोलाचं सांगितलंत. याच जागी हस्ताक्षरी फॉन्ट हरतात. हाताने लिहिताना दोन "आ" कधी तंतोतंत सारखे नसतात. फॉन्टमध्ये "बाबासाहेब" लिहिलं की दोन्ही "बा" जुळ्यांसारखे, आणि तिथेच डोळ्याला कळतं की हे यंत्राचं आहे. चांगल्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं ठेवून ती आलटून पालटून घालायची सोय असते. हेर्मान त्साफ यांच्या त्साफिनोमध्ये, १९९८ मध्ये, रोमनसाठी अशी रूपं भरपूर दिली आहेत. देवनागरीत हे फार कष्टाचं, कारण मुळात अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं मिळून शेकडो आकार काढावे लागतात. नुसती पहिली वेलांटीच घ्या. "कि" ची वेलांटी "स्थि" ला पुरत नाही, म्हणून तिच्या अनेक रुंदी काढाव्या लागतात. जिथे काढलेल्या नसतात तिथे वेलांटी अर्ध्यातच थांबते.

समर्थांना वळण एकसारखं हवं असेल, छाप एकसारखा नव्हे, असं मी समजतो.

कोकणकन्या

मोगरा, एक विचारू? आत्या आहेत ना? मग फॉन्ट कशाला शोधतेस? त्यांच्याकडूनच नावं लिहून घे.

डीटीपीवाले_काका

कोकणकन्येला शंभर टक्के अनुमोदन. दोन नावं आणि एक शब्द लागतो. कागदावर काळ्या शाईने मोठं लिहून स्कॅन करा, ट्रेस करून कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेषांच्या आकृतीत बदला, झालं. मग कुठल्याच छापखान्यात फॉन्ट नाही म्हणून वेलांटी उलट्या बाजूला जाण्याची भीती नाही. छापायला द्यायची कुठलीही फाइल तशीही कर्व्ह करूनच द्यावी.

मोगरा_७

कोकणकन्या, हे मला सुचलंच नव्हतं असं नाही. आत्याला फोन केला होता, तेव्हा म्हणाली, "आता हात थरथरतो गं, पेन धरवत नाही." म्हणून फॉन्टकडे वळले. पण तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचून रविवारी रत्नागिरीला जाऊन येते.

वऱ्हाडी_ठेचा

शुभास्ते पन्थानः! येताना आत्याच्या हातचे कुळथाचे लाडू आणा.

मोगरा_७

अकरा दिवसांनी येते आहे, क्षमस्व.

आत्याने बोरू धरला, दोन ओळी लिहिल्या आणि ठेवून दिला. शाई फुटत होती, हात कापत होता. मग स्वतःच म्हणाली, "मला खडू दे." तिच्या जुन्या शाळेच्या बाईंनी रविवारी संध्याकाळी वर्ग उघडून दिला. तिने खडू आधी फळ्याच्या कडेवर तिरका घासून घेतला, अगदी बोरूचा काप देतात तसा, आणि उभं राहून, खांद्यातून हात फिरवत लिहिलं. बोटं थरथरत होती, पण खांदा नाही. बोरूचा_काप, तुम्ही सांगितलेली जाड-बारीक रेघ खडूतही तशीच आली, त्याच कोनात! तिने "शुभविवाह" पाच वेळा लिहिलं. पाचही वेगळे. श देठाचा, वेगळं सांगावं लागलं नाही. वहिनीच्या नावातला ऋ तिसऱ्यांदा जमला तेव्हा स्वतःशीच "हं" म्हणाली.

तारीख, वेळ, पत्ता तिला लिहायला सांगितला तर साफ नाही म्हणाली. "ते छापील अक्षरात द्या, लांबून येणाऱ्या माणसाला चष्मा न लावता दिसलं पाहिजे." म्हणजे शाईची_दौत यांनी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं तेच.

समोरून, उजेड सारखा पडेल असे फोटो काढले आहेत. मजकुरासाठी "मुक्ता" घेतला आहे, त्यात वऱ्हाडी, ज्येष्ठ, ॲड. सगळं नीट येतंय. आता प्रश्न असा: खडूची ती दाणेदार कड मला ट्रेस करताना घालवायची नाही. गडद हिरव्या कार्डावर पांढऱ्या अक्षरात छापायचा विचार आहे. जमेल का?

बोरूचा_काप

खांद्यातून लिहिणं! आमचे सर पहिल्या दिवशी हेच सांगतात, मोठं अक्षर बोटांनी काढू नका. फोटो इथे टाकाल का? आत्यांची हरकत नसेल तर.

डीटीपीवाले_काका

जमेल. ट्रेस करताना "गुळगुळीत" करण्याची पट्टी शून्याजवळ ठेवा आणि बारीक ठिपके गाळू नका, म्हणजे खडूची कड राहील. फक्त पत्रिकेच्या मापात एकदा पाहा, फार बारीक दाणे असतील तर स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीत अडकतील, ते तेवढे काढा.

साध्या ऑफसेटला गडद कागदावर पांढरं नीट उठत नाही. स्क्रीन प्रिंटिंग करा आणि पांढऱ्या शाईचे दोन हात द्यायला सांगा, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. एका हातात कागदाचा हिरवा वर येतो आणि अक्षर मळकट दिसतं. किती पत्रिका आहेत?

मोगरा_७

साडेतीनशे. आत्याने हो म्हटलंय, फोटो रात्री टाकते.